वाचकांचे प्रश्न : मालकीणबाई गेल्या, आता आपण काय करायचं?

प्रश्न : ताई, आम्ही अटलांटात राहतो. घराजवळ एक छोटं सोल फूड, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या पारंपरिक जेवणाचं, रेस्टॉरंट आहे, तिथल्या मालकीणबाई गेल्या महिन्यात वारल्या आणि अख्ख्या एरियाला चटका लागला. माझ्या सासूबाई शाकाहारी, आणि कॉलर्ड ग्रीन्स म्हणजे ती पानांची भाजी तिकडे स्मोक्ड मांस घालूनच शिजवतात, तर या बाई सासूबाईंसाठी एक छोटं पातेलं वेगळं लावायच्या, आम्ही कधी मागितलंही नव्हतं. आता आमच्या मराठी ग्रुपमध्ये चाललंय की त्यांच्या रेसिपी गोळा करून एक पुस्तक काढू आणि श्रद्धांजलीचा प्रोग्राम करू. पण आपण पडलो बाहेरचे, हा आगाऊपणा तर होणार नाही ना?

उत्तर : आगाऊपणा अजिबात नाही हो, ज्या बाईंनी तुमच्या सासूबाईंसाठी वेगळं पातेलं लावलं त्यांनी तुम्हाला बाहेरचं मानलंच नव्हतं. पण पुस्तकाचं मात्र थांबवा. त्या रेसिपी त्यांच्या घरच्यांच्या आहेत, आणि छोट्या रेस्टॉरंटकडे बरेचदा तेवढीच काय ती खरी कमाई असते. शिवाय हे जेवण गुलामगिरीत राबलेल्या लोकांनी उभं केलंय, भेंडी आणि चवळी आफ्रिकेतून आलेली, बाकी मालकाने दिलेल्या शिध्यावर भागवायचं, आणि पुढे कितीतरी वर्षं काळ्या स्वयंपाकिणींच्या हातचे पदार्थ दुसऱ्यांच्या नावावर छापले गेले. हेतू कितीही चांगला असला तरी तुमच्याकडून तसं व्हायला नको. घरच्यांनाच पुस्तक काढायचं असेल तर टायपिंग, फोटो, छपाईचा खर्च यात मदत करा, नाव त्यांचंच राहू दे.

आता वारसा म्हणजे नक्की काय, तर मला जॉर्जिया गिलमोर आठवतात. १९५५ साली अलाबामातल्या माँटगोमेरीत बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला तेव्हा या बाई चिकन सँडविच, पाय, केक करून विकायच्या आणि पैसे चळवळीला द्यायच्या, मदतीला इतर बायका. बहिष्कार ३८१ दिवस चालला, लोकांना कामावर पोचवणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलला पैसा लागायचाच. गटाचं नाव ठेवलं होतं 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे कोणी विचारलं पैसे कुठून आले तर खुशाल सांगायचं की कुठूनच नाही, आणि देणाऱ्याची नोकरी वाचायची. स्वतः बाईंची नोकरी गेलीच, मग त्या घरातूनच जेवण द्यायला लागल्या आणि त्यांच्या टेबलाशी मार्टिन ल्यूथर किंगही येऊन जेवायचे. १९९० मध्ये त्या गेल्या तो दिवस काळ्यांच्या मतदानहक्कासाठी निघालेल्या सेल्मा मोर्च्याच्या पंचविसाव्या वर्षदिनाचा होता, त्यासाठी त्यांनी स्वयंपाक करून ठेवला होता, आणि तेच जेवण भेटायला आलेल्या लोकांनी खाल्लं. मला तर हे वाचून भरून आलं होतं.

तर तुमच्या मालकीणबाई असं गुपचूप काय करायच्या ते आधी शोधा. कोणाच्या घरी मयत झाली की जेवण पाठवत होत्या का, कोणाचं बिल घेत नव्हत्या का, शाळा सुटल्यावर कोणाची पोरं तिथे बसून अभ्यास करायची? ते काम आता कोण करणार हे घरच्यांना विचारा आणि त्यातला एखादा भाग तुमच्या ग्रुपने उचला. प्रोग्राम केला नाही तरी चालेल.

दुसरं म्हणजे आठवणी रेकॉर्ड करा, आणि हे लवकर करा. किचनमधल्या जुन्या मावश्या, सकाळी पहिले येणारे आजोबा, यांच्याशी घरच्यांच्या परवानगीने बोला. फोनवर स्टोरीकॉर्प्सचं ॲप आहे, त्यात केलेली मुलाखत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपली जाऊ शकते. सासूबाईंचा पातेल्याचा किस्सा त्यांच्याच तोंडून मराठीत रेकॉर्ड करा, खाली इंग्रजी तुम्ही लिहून द्या. मोठी भाषणं नकोत, असले किस्सेच घरच्यांना हवे असतात.

आणि तिसरं, खरं तर हेच सगळ्यात महत्त्वाचं, तिथे जेवायला जात राहा. मालक गेल्यावर लोक फुलं ठेवतात, रडतात, आणि मग गल्ला रिकामा पडतो. न्यू ऑर्लीन्सच्या लिआ चेस २०१९ मध्ये ९६ व्या वर्षी गेल्या, कॅटरीना वादळाच्या पुरात बुडालेलं रेस्टॉरंट त्यांनी २००७ मध्ये पुन्हा उघडलं होतं, आणि आजही होली थर्सडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, त्यांच्या घरचे लोक पालेभाज्यांचा गंबो, म्हणजे तिकडचा दाट रस्सा, करतात नि लोक येतात, म्हणून ते टिकलंय. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सिल्व्हिया वूड्स यांच्या आईने शेत गहाण ठेवून पैसे दिले तेव्हा १९६२ मध्ये त्यांचं 'सिल्व्हियाज' रेस्टॉरंट सुरू झालं, तेही पुढे घरच्यांनीच चालवलं.

तेव्हा मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाचं केटरिंग त्यांनाच द्या. आधी फोन करून विचारा की एवढ्या ऑर्डरला आत्ता माणसं आहेत का, नसतील तर महिनाभर थांबा. भाव करू नका, ॲडव्हान्स द्या, आणि शाकाहारी किती ते नीट कळवा.