सगळे मित्र नव्या गेमात गेले, मी जाऊ का?

मोबाईलच्या गेमवरून समुपदेशनासाठी माझ्यापुढे येऊन बसतात ते बहुतेक आईवडील. पोट्टा जेवत नाही, रात्रभर जागतो, कापूस वेचायला चल म्हटलं तर ओ देत नाही. खेळणारा स्वतःहून आला, आणि तोही 'माझा गेम सोडवा' म्हणायला नव्हे तर 'कोणता खेळू' हे विचारायला, असं क्वचितच घडतं. म्हणून ही केस लिहिते आहे. त्याची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुमेध, वय तेवीस. यवतमाळ जिल्ह्यातलं आडवळणाचं गाव, घरची पाच एकर शेती, त्यातली दोन एकर विहिरीवर ओलिताची. अमरावतीला हॉस्टेलवर राहून बी.एस्सी. केलं. आता दिवसा तालुक्याला एका सेवा केंद्रावर लोकांचे फॉर्म भरतो, सातबारे काढून देतो. हॉस्टेलचे चार मित्र पुणे, नागपूर, हैदराबाद असे पांगले आहेत. त्यांना रोज रात्री एकत्र आणत होता तो एक ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम. असल्या गेममध्ये हजारो लोक एकाच जगात असतात. प्रत्येकाचं स्वतःचं पात्र असतं. लढावं, हिंडावं, वस्तू बनवाव्या, विकाव्या. सुमेधचं पात्र हीलर, म्हणजे बाकीचे लढत असताना त्यांना बरं करत राहणारं. दिवाळीनंतर चौघांनी दुसरा गेम धरला. सुमेधनंही तो टाकून घेतला.

"मॅडम, तुमी हसान मले," तो म्हणाला. "पन हे कोनाले सांगावं तेच समजून नाही रायलं. सगळे म्हनतात लय भारी गेम आहे. रेटिंग भारी, ग्राफिक्स भारी. अन् मले लॉगिन कराचं म्हटलं की पोटात गोळा येते."

आधी मी तपासायचं ते तपासून घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, तीत गेमिंगचा विकार नोंदलेला आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, अशी त्याची लक्षणं. सुमेधमध्ये यातलं काही नव्हतं. झोप ठीक, काम ठीक, उधारी नाही. त्याचा प्रश्न लहान होता, पण तो त्याला आतून पोखरत होता. जे चौघांना इतकं आवडतं ते मला का आवडत नाही? मीच मागे पडलो का?

"जुन्या गेममधल्या आठवणीत राहिलेल्या रात्री सांग," मी म्हटलं.

मला वाटलं, मोठमोठे राक्षस मारल्याचं सांगेल. त्यानं सांगितलं ते वेगळंच. कुठल्याशा नवख्या खेळाडूला यांची भाषाच कळत नव्हती. सुमेधनं नुसत्या उड्या मारून खुणा करत त्याला डोंगराच्या पार धबधब्यापर्यंत नेलं होतं. किल्ल्याच्या भिंतीमागची एक वाट त्यानं शोधली होती, आणि वहीत पेनानं त्या सगळ्या मुलखाचा नकाशा काढला होता. एकदा सगळे मेले असताना यानं एकट्यानं तग धरून एकेकाला उठवलं होतं. हे सांगताना पोराचा चेहरा पार बदलला.

"आणि रँक?"

"रँक होती ना. किती होती थे आता ध्यानात नाही."

इथं मी त्याला रिचर्ड बार्टलबद्दल सांगितलं. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि बार्टल यांनी एक गेम उभा केला, आजच्या या सगळ्या गेमचा तो पूर्वज. चित्र एकही नाही, पडद्यावर नुसती अक्षरं. लोक त्यात येऊन करतात काय, हे बार्टलनं वर्षानुवर्षं पाहिलं आणि 1996 मध्ये एक लेख लिहून खेळणाऱ्यांचे चार प्रकार मांडले. त्यांना पत्त्यांचे रंग दिले. चौकट म्हणजे कमाई करणारे: लेव्हल, खजिना, गुण. इस्पिक म्हणजे धुंडाळणारे: या भिंतीमागं काय आहे, हा नियम वाकवला तर काय होईल. बदाम म्हणजे माणसांसाठी येणारे. आणि किलवर म्हणजे दुसऱ्या खेळाडूला लोळवण्यात ज्यांना मजा येते ते.

पारावर पत्ते कुटत वाढलेला पोरगा, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. "मी इस्पिक-बदाम," तो लगेच म्हणाला. "अन् थे चौघं चौकट-किलवर. अंकुश तं निव्वळ किलवर."

हा चौकडीचा हिशोब पत्रिकेसारखा धरू नये, हेही त्याच बैठकीत सांगितलं. निक यी या संशोधकानं पुढे तीन हजार खेळाडूंची उत्तरं तपासून 2006 मध्ये दाखवलं, की कमाई, माणसं आणि त्या जगात रमणं या ओढी एकाच माणसात एकत्र नांदतात. एक आहे म्हणून दुसरी नाही असं नसतं. पण बोलायला सुरुवात म्हणून बार्टलचे पत्ते मला उपयोगी पडतात. 'मी स्लो आहे' इथून माणूस 'मला दुसरं काही हवं आहे' इथवर येतो.

मग आम्ही नव्या गेमकडे वळलो. त्यात मेलं की अंगावरचा सगळा माल मारणारा उचलून नेतो. रात्री ठरलेल्या वेळी गिल्डची, म्हणजे खेळाडूंच्या पक्क्या गटांची, युद्धं. काही महिन्यांनी हंगाम बदलतो आणि क्रमवारी परत शून्यावर येते. किलवर-चौकटवाल्याला याच्यासारखं सुख नाही. हरलं तर सगळं जाणार, म्हणूनच जिंकण्याला वजन येतं. गेम वाईट नाही, हे मी सुमेधला स्पष्ट सांगितलं, कारण तो मनातल्या मनात मित्रांवर चिडायला लागला होता.

रेटिंग पाहून हे कळत नाही. गेम नीट बनवला आहे का, एवढंच रेटिंग सांगतं. मंगळवारी रात्री साडेनऊला तू त्यात बसून नेमकं काय करत असशील, ते नाही सांगत. म्हणून काय विचारायचं ते ठरवून घ्यावं. मेल्यावर काय जातं? अल्बियन ऑनलाइनमध्ये निळ्या आणि पिवळ्या भागात माल वाचतो, लाल आणि काळ्या भागात सगळं जातं, मारणारा ते लुटू शकतो. एकट्यानं खेळता येतं का? ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये 2014 पासून 'आयर्नमॅन' नावाचा प्रकार आहे, त्यात तुम्ही कोणाशी देवाणघेवाणच करू शकत नाही. सगळं आपल्या हातानं मिळवायचं. ऑनलाइन गेममध्ये एकटं राहण्याची सोय, आणि लोक ती आवडीनं घेतात! एका पात्रानं भूमिका बदलता येते का? फायनल फँटसी 14 मध्ये एकच पात्र सगळी कामं शिकू शकतं. बऱ्याच गेममध्ये हीलरचा योद्धा करायचा तर नवं पात्र पहिल्यापासून वाढवावं लागतं. फुकट चाचणी असेल तर तीत काय बंद आहे तेही पाहावं. याच फायनल फँटसीची चाचणी मुदतीशिवाय खेळता येते, पण त्या खात्यावरून स्वतः गट बनवता येत नाही की खेळाडूंच्या गिल्डमध्ये सामील होता येत नाही. म्हणजे बदामवाल्याला जे पाहायचं तेच झाकलेलं.

आणखी एक. अशा गेमचे पहिले दहा-वीस तास सगळ्यांनाच गोड लागतात. भराभर लेव्हल चढते, दर वळणावर काहीतरी मिळतं. लेव्हलची शेवटची पायरी गाठल्यावर जे उरतं ते रोजचं खेळणं. म्हणून ट्रेलर पाहू नको, त्या पायरीवर पोचलेल्या एखाद्या माणसाची साधी, न कापलेली संध्याकाळ पाहा, असं मी सुचवलं. सुमेधनं पाहिली. "तासभर थो मानूस दुसऱ्याची वाट पाहत झाडामागं बसला होता, मॅडम."

आता गावाकडची गोष्ट. पुण्याच्या मित्राला रात्री दहाचं युद्ध जमतं. सुमेधच्या शेतातल्या पंपाला थ्री फेजची लाईन काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला पाणी द्यायला हाच जातो. त्यात रानडुकरांसाठी जागल. मचाणावर नेटवर्कची एखादीच काडी. युद्धाच्या ऐन मध्यात याचं पात्र थिजायचं आणि मरायचं, आणि गिल्डमध्ये बोलणी खायचा हा. यात त्याच्या हाताचा दोष कमी, नेटचा जास्त. हातानं चटकन चुकवायच्या लढाईत सिग्नलला लागणारा उशीर लगेच नडतो. ओल्ड स्कूल रूनस्केपसारखा गेम 0.6 सेकंदाच्या ठेक्यावर चालतो, तिथं नेट थोडं रेंगाळलं तरी निभतं. हे ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे शेजाऱ्याच्या काळ्या वावरात पिकलं म्हनून थेच वाण आपल्या बरडात टाकल्यावानी झालं." मी त्यात भर घातली नाही.

पैशाचं थोडक्यात. तुझ्या खेळण्याच्या तऱ्हेत खर्चाची तऱ्हाही येते, एवढंच त्याला म्हटलं. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये पात्रं सोडतीतून मिळतात. पंचतारांकित, म्हणजे सगळ्यात दुर्मीळ, पात्र मिळण्याची मूळ शक्यता एका खेचीला (सोडतीतल्या एका प्रयत्नाला) 0.6 टक्के असते, आणि नव्वदाव्या खेचीपर्यंत काहीतरी पंचतारांकित नक्की मिळतं. संग्रहाची हौस असेल त्यानं हा आकडा आधी वाचावा. आईवडील मला विचारतात, की 2025 च्या कायद्यानं ऑनलाइन गेम बंद झाले ना? त्या कायद्यानं बंदी आली ती पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर. हे गेम त्यात येत नाहीत, पण खिसा याही वाटेनं रिकामा होतो.

सल्ला म्हणून मी सुमेधला एक वही दिली. पंधरा दिवस नवा गेम खेळायचा, एक रुपया घालायचा नाही. काही रात्री मित्रांसोबत कॉलवर, काही रात्री एकट्यानं. बंद केल्यावर दोन ओळी: आज काय केलं, आणि बक्षीस मिळणार नसतं तरी केलं असतं का. मित्रांसोबतच्या आणि एकट्याच्या रात्री वेगळ्या ठेवायला सांगितलं ते मुद्दाम. गेम आवडतो की त्या चौघांचा आवाज आवडतो, हे माणसाला स्वतःचं स्वतःला कळत नाही.

जुन्या पात्राबद्दल तो हळवा होता. चार वर्षं घातली, सोडू कसं? सोडायला कोण सांगतंय, मी विचारलं. तिथं खातं तसंच राहणार आहे. त्यात रोज जायला हवं, हा नियम त्याचा त्यानंच केला होता.

वही घेऊन आला तेव्हा पानं एकसारखी नव्हती. मित्रांसोबतच्या रात्री हरूनही हसल्याचं लिहिलं होतं. एकट्याच्या रात्री बहुतेक कोऱ्या. पण मध्येच तीन पानं गच्च भरलेली! एका शहरात स्वस्त घ्यायचं, दुसऱ्यात विकायचं, कुठल्या वाटेनं न्यायचं, याचे हिशोब आणि त्या वाटांचे नकाशे. इस्पिकाला नव्या गेममध्येही खणायला जागा सापडली होती. चौथ्या पानावर माल लुटला गेला. 'हात थरथर करत होते. परत नाही.' त्याखाली त्यानं रेघ मारलेली.

"माल गेला त्याचा राग, की लुटणारा माणूस होता त्याचा?"

"मानूस होता त्याचा. रानडुकरानं खाल्लं तं एवढा राग नाही येत."

त्यानं ठरवलं ते असं. नव्या गेममध्ये तो राहील, पण शहराच्या आत, वस्तू बनवणारा म्हणून. शनिवारी रात्री कॉलवर, लाईनची पाळी नसेल तेव्हा. युद्धात नाही. जागलीच्या रात्री स्वतःचा दुसरा गेम, संथ, एकट्यानं हिंडायचा. मित्रांना मेसेज माझ्यासमोरच टाईप केला, तीनदा खोडला, आणि कारण म्हणून 'नेट नाही' असं लिहू पाहत होता ते काढून 'मले लुटालुटीचा गेम आवडत नाही' असं लिहिलं. मी तेवढ्यापुरताच आग्रह धरला होता. नेटचं कारण दिलं असतं तर नवा टॉवर उभा राहिल्यावर हेच पुन्हा सुरू झालं असतं.

तिघांना फारसं काही वाटलं नाही. नागपूरवाल्यानं उलट लिहिलं, आमाले वस्तू बनवनारा पाहिजेच होता. अंकुशनं गिल्ड उभी केली होती ती सुमेध हीलर असेल हे धरूनच. त्यानं मेसेज वाचला आणि उत्तर दिलं नाही. शनिवारच्या कॉलवर तो असतो, सुमेधशी बोलत नाही. सुमेध म्हणतो, पुढच्या महिन्यात अमरावतीला एका लग्नात दोघं भेटणार आहेत, तेव्हा काय बोलायचं ते मला विचारायला तो त्याआधी येणार आहे.