चुकीच्या उत्तरामागचा नियम : गणिताच्या अध्यापनाविषयी वाचकांचे प्रश्न

गणित वर्गात कसे शिकवावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे लिहिणाऱ्यांत शिक्षक अधिक आहेत, एक पालक आहेत. प्रश्न वेगवेगळे असले, तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच अडचण दिसते : मूल काय लिहिते ते आपल्याला दिसते, पण ते तसे का लिहिते हे आपण क्वचितच विचारतो.

प्रश्न : मी सहावीला शिकवते. १/२ + १/३ = २/५ असे उत्तर वर्गातली बरीच मुले देतात. छेद समान करण्याची रीत पुन्हा शिकवली की त्या दिवशी सर्वांना जमते, पण पंधरवड्याने पुन्हा तेच उत्तर येते. माझे नेमके कुठे कमी पडते?

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची बाब ही की, चूक दर वेळी तीच होते. निष्काळजीपणाच्या चुका विखुरलेल्या असतात. अनेक मुलांकडून एकच उत्तर पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्यामागे त्यांनी मनाशी धरलेला एक नियम असतो. येथे तो नियम उघड आहे : अंशात अंश मिळवा, छेदात छेद मिळवा. अपूर्णांकांच्या गुणाकारात अंशाला अंशाने आणि छेदाला छेदानेच गुणायचे असते व तेथे उत्तर बरोबर येते, त्यामुळे बेरजेतही तसेच चालेल असे मुलांना वाटणे स्वाभाविक आहे. या नियमाला आणखी एक आधार आहे आणि त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. एका पिशवीत दोन चेंडू असून त्यांतला एक लाल आहे, दुसरीत तीन चेंडू असून त्यांतलाही एकच लाल आहे. दोन्ही पिशव्या एकत्र केल्या, तर पाचांपैकी दोन चेंडू लाल होतात. हे विधान खरेच आहे. मात्र ती एकाच पूर्णाच्या भागांची बेरीज नव्हे, कारण तेथे पूर्णच बदलला. ज्या मुलाच्या मनात असे चित्र आहे, त्याच्या शंकेला ‘छेद समान करा’ या सूचनेतून उत्तर मिळत नाही. ते केवळ आज्ञा पाळते आणि आज्ञेची आठवण पुसट झाली की आपल्या चित्राकडे परत जाते.

म्हणून रीत सांगण्याआधी अंदाज विचारा. अर्ध्यात काही मिळवले तर उत्तर अर्ध्यापेक्षा मोठे यायला हवे की लहान? मग २/५ हे अर्ध्यापेक्षा मोठे आहे का? ही विसंगती मुलांना स्वतः दिसू द्या आणि ती लगेच मिटवण्याची घाई करू नका. त्यानंतर सारख्याच लांबीच्या दोन कागदी पट्ट्या द्या, एकीच्या घडीने दोन समान भाग होतील, दुसरीचे तीन. अर्धा आणि एक तृतीयांश हे दोन्ही भाग नेमके मोजले जातील असा लहान भाग कोणता, हे शोधताना मुले एक षष्ठांशापर्यंत पोहोचतात. सहा हा छेद तेथे नियम म्हणून अवतरत नाही, दोन भाग एकाच मापाने मोजण्याच्या गरजेतून येतो. रीत त्यानंतर शिकवली की तिला धरून ठेवणारे काहीतरी मुलाजवळ असते.

अशा नियमबद्ध चुकांचा अभ्यास बराच झाला आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या चुकांचे सविस्तर विश्लेषण प्रसिद्ध केले. ५२ − ३८ = २६ असे लिहिणारे मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत असते; ते कुठला अंक वर आहे हे पाहतच नाही. असे अनेक चुकीचे नियम मुले अत्यंत सातत्याने पाळतात, हे त्यांनी दाखवले. त्याआधी १९७३ मध्ये स्टॅन्ली अर्लवँगर यांनी ‘बेनी’ या नावाने एका बारा वर्षांच्या मुलाशी झालेल्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. ज्या वर्गात मुलांनी स्वतः धडे सोडवून उत्तरे उत्तरसूचीशी ताडून पाहायची, अशा वर्गातला हा मुलगा चांगली प्रगती करणारा समजला जात होता. तो मात्र २/१० हा अपूर्णांक दशांशात १.२ असा लिहीत होता, कारण अंश आणि छेद यांची बेरीज करून मध्ये दशांशचिन्ह द्यायचे असा नियम त्याने स्वतःच रचला होता. मला हे उदाहरण फार अस्वस्थ करणारे वाटते, कारण कितीतरी काळ कुणीही त्याला ‘हे कसे काढलेस?’ असे विचारले नव्हते. वह्या तपासताना किती उत्तरे बरोबर आली एवढेच न मोजता चुकांची त्यांच्या कारणांनुसार नोंद ठेवा. एका घटकासाठी तीन-चार कारणेच वारंवार पुढे येतात, असे तुम्हाला आढळेल.

प्रश्न : पाढे पाठ करून घेणे जुनाट पद्धत आहे, असे आता ऐकू येते. मुलीला पाढे पाठ करायला लावू की नको?

उत्तर : जरूर लावा. एका वेळी मनात धरता येणाऱ्या गोष्टी मर्यादित असतात; सात आठे छप्पन्न हे आठवायलाच श्रम पडले, तर मोठ्या भागाकारातली पुढची पायरी हातातून निसटते. मात्र केवळ क्रमाने म्हणता येणारा पाढा अपुरा आहे. ७ × ८ विसरल्यास ५ × ८ आणि २ × ८ यांवरून ते काढता यावे, ४२ म्हटल्यावर ६ × ७ आठवावे, एवढी लवचिकता हवी. घड्याळ लावून घाबरवणे तेवढे टाळा. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांच्या २००१ च्या संशोधनानुसार गणिताची भीती नेमकी तीच मनाची जागा व्यापते, जी आकडेमोडीसाठी मोकळी असायला हवी.

प्रश्न : मी नुकताच शिक्षक झालो आहे. प्रशिक्षणात सांगितले की, मुलांनी ज्ञान स्वतः रचायला हवे, शिक्षकाने सांगू नये. शाळेतले ज्येष्ठ सहकारी म्हणतात, फळ्यावर स्वच्छ समजावून सांगा आणि भरपूर सराव घ्या. मी कुणाचे ऐकू?

उत्तर : हा वाद मांडलाच चुकीच्या रीतीने जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणती पद्धत चांगली, असे विचारण्याऐवजी हा विशिष्ट भाग आणि माझ्या वर्गाची आजची तयारी पाहता कोणती पद्धत योग्य, असे विचारायला हवे.

गणितात काही गोष्टी संकेत म्हणून ठरलेल्या असतात. कंसाबाहेरील क्रियांचा क्रम, कोनाचे अंशात मापन, निर्देशांकाची मांडणी या गोष्टी कुणी कितीही विचार केला तरी शोधून काढू शकत नाही. त्या सांगायच्याच असतात आणि त्या शोधायला लावणे म्हणजे मुलांचा वेळ वाया घालवणे होय. याउलट काही गोष्टी मुलांच्या हाताशी असलेल्या ज्ञानातून निघतात. ज्यांना आयताचे क्षेत्रफळ पक्के कळले आहे, त्यांना कागदाचा समांतरभुज चौकोन आणि कात्री द्या. एका बाजूचा त्रिकोण कापून दुसऱ्या बाजूला लावण्याची कल्पना वर्गातल्या कुणाला तरी सुचतेच आणि मग पाया गुणिले उंची हे सूत्र वर्गाचे स्वतःचे होते. डच गणितज्ञ हान्स फ्रॉयडेन्थाल यांनी अशा अध्यापनाचा आग्रह धरला होता, आणि त्यांनाही मुलांना वाऱ्यावर सोडणे अभिप्रेत नव्हते. वाट शिक्षक आखतो, चालायचे मुलांनी असते.

विषय मुलांना अगदी नवा असेल, तेव्हा सोडवलेल्या उदाहरणांचे मोल फार मोठे आहे. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणिताबाबत दाखवले की, नवशिक्यांनी लागलीच स्वतः गणिते सोडवत बसण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणे अभ्यासली, तर ते लवकर शिकतात. समीकरण सोडवणे प्रथमच शिकवत असाल, तर एक पूर्ण सोडवलेले उदाहरण आणि त्याच्या शेजारी तसेच एक न सोडवलेले, अशा जोड्या द्या. पुढच्या जोडीत शेवटची पायरी गाळा, त्यापुढच्या जोडीत शेवटच्या दोन. मात्र मुले तयार झाल्यावरही असा आधार देत राहिलात, तर त्याचा उपयोग थांबतो, कधी उलट परिणामही होतो. स्लाव्हा कल्युगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ही बाब तपशीलवार मांडली.

आता तुमच्या प्रशिक्षणाच्या बाजूने. मनू कपूर यांनी २००८ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे आढळले की, मुलांना आधी एक कठीण प्रश्न आपापल्या परीने हाताळू दिला, त्यांचे प्रयत्न अपुरे पडले आणि त्यानंतर शिक्षकाने ते प्रयत्न हाताशी धरून नीट समजावून दिले, तर संकल्पनेची समज अधिक खोल होते. ‘त्यानंतर शिक्षकाने समजावून दिले’ हा भाग उत्साहाच्या भरात गळतो आणि मग धडपड तेवढी उरते. तुमचे ज्येष्ठ सहकारी ज्याला घाबरतात ते हेच आहे, आणि त्यांची भीती अनाठायी नाही.

प्रश्न : अपूर्णांकाने भागताना ‘उलटा करा आणि गुणा’ हे सांगितले की मुलांना गुण मिळतात. कारण समजावण्यात वेळ घालवावा का?

उत्तर : घालवावा. लिपिंग मा यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना १ ३/४ ÷ १/२ हे गणित सोडवायला आणि त्यावर एक शाब्दिक उदाहरण रचायला सांगितले होते. चीनमधल्या सर्व शिक्षकांचे उत्तर बरोबर आले. अमेरिकेतल्या शिक्षकांपैकी ९ जणांनी ते पूर्ण व बरोबर सोडवले आणि योग्य शाब्दिक उदाहरण त्यांच्यापैकी एकालाच रचता आले. अनेकांनी अर्ध्याने भागण्याऐवजी दोघांत वाटण्याची गोष्ट रचली. तुम्हीही वर्गाला असे उदाहरण रचायला सांगून पाहा, कारण रीत येणे आणि अर्थ कळणे यांतले अंतर इतक्या थेटपणे दुसऱ्या कशानेच दिसत नाही.

कारण समजावायला एक दोरी पुरते. १ ३/४ मीटर लांबीच्या दोरीतून अर्ध्या मीटरचे किती तुकडे निघतील? एका मीटरमधून दोन निघतात, म्हणून एकूण १ ३/४ × २, म्हणजे साडेतीन. आता तुकडा २/३ मीटरचा घ्या. एका मीटरमध्ये एक तृतीयांशाचे तीन तुकडे असतात, म्हणून दोरीत असे १ ३/४ × ३ तुकडे. पण आपला तुकडा अशा दोन तुकड्यांचा आहे, म्हणून त्या संख्येला दोनाने भागायचे. तीनने गुणले आणि दोनाने भागले, म्हणजेच ३/२ ने गुणले. अपूर्णांक का उलटला, याचे उत्तर या दोन वाक्यांत आहे.

प्रश्न : प्रकरणाच्या शेवटी घेतलेल्या चाचणीत माझे विद्यार्थी उत्तम करतात. वार्षिक परीक्षेत तीच गणिते आली तरी गोंधळतात. हे कशामुळे होते?

उत्तर : प्रकरणाखालच्या सरावसंचात कोणती रीत वापरायची, हे प्रकरणाच्या शीर्षकानेच सांगितलेले असते. मुले रीत राबवण्याचा सराव करतात. रीत निवडण्याचा सराव त्यांना कधी मिळतच नाही, आणि परीक्षेत नेमके तेच करायचे असते. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात घनफळाची गणिते एका गटाने प्रकारवार सोडवली आणि दुसऱ्याने मिसळून. सरावाच्या वेळी प्रकारवार सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर होती, मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत हेच आकडे अनुक्रमे २० आणि ६३ झाले. गृहपाठात निम्मी गणिते आधीच्या प्रकरणांतली द्या, क्षेत्रफळाशेजारी परिमिती आणि नफा-तोट्याशेजारी सरळव्याज येऊ द्या. पहिले काही आठवडे मुले अधिक चुकतील. पालकांना हे आधीच सांगून ठेवावे.

प्रश्न : वर्गात प्रश्न विचारला की तेच चार-पाच हात वर येतात. बाकीच्यांना बोलते कसे करू?

उत्तर : आधी थांबायला शिका. मेरी बड रो यांनी १९७४ मध्ये विज्ञानाच्या तासांविषयी दाखवले की, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा अधिक थांबले, तर उत्तरे लांब व विचारपूर्वक येतात आणि एरवी गप्प राहणारी मुले बोलू लागतात. दुसरे असे की, हात वर करणे बंद करून पाट्या वापरा. सर्वांनी उत्तर लिहायचे आणि एकाच वेळी पाटी वर धरायची. ८ + ४ = □ + ५ हा प्रश्न देऊन पाहा. अमेरिकेत सहावीतल्या १४५ मुलांना तो विचारला गेला, तेव्हा प्रत्येकाने चौकटीत १२ किंवा १७ लिहिले, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात नमूद आहे; बरोबर चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिहा’ असा त्यांनी धरला होता. तुमच्या वर्गात १२, १७ आणि ७ अशा तिन्ही पाट्या दिसल्या, तर कोणती बरोबर हे सांगू नका. प्रत्येक उत्तराच्या एकेका मुलाला आपण कसा विचार केला ते सांगायला लावा, बरोबर उत्तर देणाऱ्यालाही, आणि सुरुवात नेहमी चुकलेल्याकडूनच होणार नाही याची काळजी घ्या. कारण विचारले म्हणजे आपले चुकले, ही समजूत मुलांच्या मनात फार खोलवर असते, आणि ती जायला काही महिने लागतात.