क्लास सुटल्यावर लगेच गाडीकडे वळू नका

तुम्ही लिहिलंय की कॅलिफोर्नियात कूपर्टिनोला येऊन दीड वर्ष झालं, एच-४ वर (एच-१बी वर काम करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आहात, सांगलीहून बी.कॉम. केलंय, वय ३६. सप्टेंबरपासून वर्षभर डी अँझा कॉलेजात अकाउंटिंग शिकायचं मनात आहे, पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांत अवघडल्यासारखं होईल का, ही धास्ती आहे. मी त्याच कॉलेजात, त्याच व्हिसावर, चाळिशीला टेकले असताना एक वर्ष काढलंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कागदांचं आधी उरकते. एच-४ वर शिकायला वेगळा स्टुडंट व्हिसा लागत नाही. टर्म सुरू व्हायच्या आधी कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचं दाखवता आलं की रहिवाशाची फी लागते, युनिटला (वर्गाचा अभ्यासभार मोजायचं माप) ३१ डॉलर. नाहीतर आकडा कैक पटींनी वाढतो. घराचा करार, लायसन्स, टॅक्सचे कागद आत्ताच एका फायलीत लावून ठेवा. ईएडी (काम करायचा सरकारी परवाना) नसेल तर कॅम्पसवर पगारी काम करता येत नाही, हेही धरून चाला.

वयाची धास्ती पहिल्या आठवड्यातच जाईल. माझ्या इंग्रजी लेखनाच्या वर्गात हायस्कूल सांभाळून येणारा सोळा वर्षांचा मुलगा होता, रात्रपाळी करून थेट वर्गात येणारा स्वयंपाकी होता आणि नातवंडं शाळेत सोडून येणाऱ्या एक इराणी आजी होत्या. कोणी कोणाला वय विचारत नाही. मला जड गेलं ते वेगळंच. शिक्षक म्हणाले, मला नावाने हाक मारा. ते मला वर्षभर जमलं नाही, मी 'प्रोफेसर' म्हणत राहिले आणि त्यांनी ते चालवून घेतलं.

खरी सवय करावी लागते ती क्वार्टरच्या, म्हणजे इथल्या छोट्या सत्राच्या, वेगाची. आपल्याकडे दिवाळीनंतर अभ्यासाला लागलं तरी निभावतं. इथे सप्टेंबरअखेर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून असे तीन क्वार्टर, प्रत्येकी बारा आठवड्यांचे, त्यात शेवटचा आठवडा परीक्षेचा. चौथ्या-पाचव्या आठवड्यात पहिली मिडटर्म दारात उभी असते आणि दिवाळी बहुतेक वेळा त्याच सुमारास येते. फराळ आधीच्या शनिवारी-रविवारी करून डब्यात भरून ठेवा. पहिल्या क्वार्टरला मी हौसेने तीन वर्ग घेतले आणि एक झेपेना. साधारण पहिल्या दोन आठवड्यांत सोडला असता तर कुठेच नोंद राहिली नसती. मी महिनाभर ओढत बसले आणि ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) 'डब्ल्यू', म्हणजे वर्ग मध्येच सोडल्याचा शेरा, लागला. तुम्ही दोनच घ्या. शेवटच्या तारखा दर क्वार्टरला बदलतात, त्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

अकाउंटिंगबद्दल एक सांगते, कारण तिथे बी.कॉम. झालेल्यांची गल्लत होते. आपण पर्सनल, रिअल, नॉमिनल असे खात्यांचे 'सोनेरी नियम' घोकलेले असतात. इथे ते कोणी शिकवत नाही. मालमत्ता म्हणजे देणी अधिक मालकाचं भांडवल, या एका समीकरणातून प्रत्येक नोंद उलगडून दाखवतात. आपल्या जुन्या ताळेबंदात देणी डावीकडे असायची, इथे मालमत्ता डावीकडे, आणि त्यातही रोख रक्कम सगळ्यात वर. पहिले दोन आठवडे मी मनातल्या मनात आपल्या पद्धतीने नोंद करून मग त्यांच्या पद्धतीत फिरवत होते, आणि चुकत होते. जुनं बाजूला ठेवून कोऱ्या पाटीने बसले तेव्हा कुठे सुरळीत झालं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. या कॉलेजाच्या कॅम्पसवर हॉस्टेल नाही. तास संपला की सगळे पार्किंगकडे किंवा बसस्टॉपकडे पांगतात. पहिला क्वार्टर मीही तशीच घरी पळत होते, आणि डिसेंबरपर्यंत मला वर्गातल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं. जानेवारीत ठरवलं, तास संपल्यावर दोन तास थांबायचंच. लायब्ररी, ट्यूटरिंग सेंटर (ते मोफत असतं), नाहीतर शिक्षकांचे ऑफिस अवर्स, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायची त्यांची ठरलेली वेळ. पार्टटाइम शिक्षकांपैकी बरेच जण दोन-तीन कॉलेजांत शिकवतात, एरवी सापडत नाहीत. त्या ठरलेल्या तासाला मात्र असतात, आणि बऱ्याचदा एकटेच बसलेले असतात. माझ्या निबंधात मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात उगवतो, तो पहिल्यातच हवा, हे मला अशाच एका तासात नीट कळलं. सॅन होझेहून बस बदलून येणारी एक व्हिएतनामी बाई तिथेच भेटली. मी तिला डेबिट-क्रेडिट समजावायचे, ती मला स्टॅटिस्टिक्स. आमची मैत्री आजही आहे.

थांबायला लागलं की कॅम्पसही दिसायला लागतो. वसंतात एका शनिवारी मुलांना तिथल्या तारांगणात नेलं. तिथलं फ्लिंट सेंटर हे सभागृह २०१९ मध्ये बंद झालं, पण २४ जानेवारी १९८४ ला स्टीव्ह जॉब्जनी पहिला मॅकिंटॉश तिथे लोकांपुढे ठेवला होता, हे सांगितल्यावर मुलाचे डोळे विस्फारले. आईच्या कॉलेजात, असं म्हणाला तो.

सीपीएचा (इथल्या सनदी लेखापालाच्या परवान्याचा) विचार असेल तर आधी बी.कॉम.चं मूल्यमापन, म्हणजे ती पदवी इथे कितपत धरली जाते याची तपासणी, करून घ्या आणि मगच वर्ग निवडा. लागणारे अकाउंटिंगचे युनिट डी अँझासारख्या कम्युनिटी कॉलेजातून भरून काढणारे आपले लोक तिथे भेटतील. वर्ग निवडायला मदत करणाऱ्या काउन्सिलरची वेळ ऑगस्टमध्येच घ्या, सप्टेंबरात मिळणं अवघड. आणि हवा तो वर्ग भरलेला दिसला तरी वेटलिस्टवर नाव घालून पहिल्या दिवशी जाऊन बसा. पहिल्या तासाला न आलेल्यांची नावं शिक्षक काढू शकतात आणि ती जागा हजर असलेल्याला मिळते. मला अकाउंटिंगचा वर्ग असाच मिळाला, वेटलिस्टवर सातवी होते.