गुडघ्याची खराब झालेली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत, लवचीक थर) कोलेजन या प्रथिनाच्या पडद्यावर पेशी वाढवून पुन्हा तयार करता येते का?

हो, पण इजा एका जागेपुरती असेल तरच. वयोमानाने सगळा सांधाच झिजला असेल तर हा उपाय नाही. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती आपणहून नीट भरून येत नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यात सोडल्या आणि १९९४ मध्ये निष्कर्ष छापले. तेव्हा पेशी द्रवात असत. त्या निसटू नयेत म्हणून वर हाडाच्या आवरणाचा तुकडा शिवावा लागे, फार किचकट काम. आता पेशी डुकरापासून मिळवलेल्या कोलेजनच्या पडद्यावर वाढवतात आणि तो पडदा फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या गोंदाने कूर्चेतल्या खड्ड्यात चिकटवतात. अमेरिकेत ‘मॅसी’ नावाच्या अशा उपचाराला डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. दुकानातल्या कोलेजन पावडरीचा याच्याशी काही संबंध नाही.