वस्तऱ्याचा जुना चामडी पट्टा घेतला तर त्याला तेल कुठलं लावायचं?

कुठलंच नाही. खोबरेल तर अजिबात नाही.

वस्तरा ओढून धार परजायचा हा जुना पट्टा कुठे मिळेल आणि कडक झालेला असेल तर मऊ कसा करायचा, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत. दुसऱ्यावरून माझं सख्ख्या भावाशी वाजलेलं आहे, म्हणून आधी तेच.

चिपळूणच्या बाजारात आमच्या आजोबांचं सलून होतं. त्यांचे दोन पट्टे, एका अंगाला कॅनव्हास, दुसऱ्याला चामडं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा दोन्ही खुंटीलाच राहिले. ओसरल्यावर काढले तर भिजलेल्या गोणपाटासारखे जड, चिखलाने माखलेले. एक दादाने नेला, एक मी.

जरा उघडीप मिळाली तशी दादाने त्याचा पट्टा पत्र्यावर उन्हात टाकला. संध्याकाळपर्यंत पन्हळीसारखा वळला. मग मऊ व्हावा म्हणून वाटीभर खोबरेल चोपडलं. मऊ झाला खरा, पण इतका की कितीही ताणून धरा, मधे झोळ पडतो. अशा पट्ट्यावर वस्तरा ओढला की पातं चामड्यात रुततं आणि धार लागायच्या ऐवजी गोल होते. वर खवट वास.

मी माझा साध्या पाण्याने धुतला, टॉवेलने टिपला, फळीवर सपाट पसरून दोन्ही टोकांना चिमटे लावले आणि माजघरात पंख्याखाली ठेवला. तीन आठवडे लागले. दोनदा पांढरी बुरशी आली. ती अंगणात नेऊन कोरड्या ब्रशने झाडली, आणि पाण्यात थोडं व्हिनेगर घालून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून घेतलं. वाळला तेव्हा माझाही कडकच होता. पण आजोबा रोज दुकान उघडलं की आधी पट्ट्यावर तळहात घासायचे, वरून खाली, चामडं कोमट लागेपर्यंत. मी दोन महिने तेवढंच केलं. हाताचा जो काही तेलकटपणा असतो तो पट्ट्याला पुरतो. आता वस्तरा ओढताना चामडं पात्याला हलकेच धरतं, हाताला कळतं.

दादा म्हणतो, आजोबाही तेल लावायचे. लावायचे, पण वस्तऱ्याला, पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून. त्याने बाटली बघितली, ती कशासाठी उघडली ते बघितलं नाही.

आता विकत घेण्याचं. गावातल्या जुन्या सलूनवाल्यांच्या घरी विचारा. सगळे ब्लेडवर गेले, पट्टे माळ्यावर पडून आहेत. नशीब असेल तर मुंबईच्या चोरबाजारातही सापडतो. हातात घेतल्यावर बोटाने घासून बघा. तांबडी भुकटी लागली तर ते चामडं आतून कुजलंय, फुकट दिलं तरी घेऊ नका. कडेला कापल्याच्या खुणा असल्या तर चालेल, मधोमध खोल चीर नको. बारीक ओरखडे पॉलिश पेपरने जातात.

एक मात्र मान्य करतो. चामडं वाळून भेगा पडायच्या बेतात असेल तर बोटाच्या टोकावर मावेल इतकं नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं, चामड्याला लावायचं), तेही एकदाच, चालतं. खोबरेल तरीही नाही. आणि बोथट वस्तरा पट्ट्यावर कितीही ओढला तरी कापणार नाही, त्याला आधी दगडच लागतो. ओढताना वस्तऱ्याची पाठ, म्हणजे धारेविरुद्धची जाड कड, पुढे आणि धार मागे. वळवताना पाठीवरच वळवा, नाहीतर पहिल्याच दिवशी पट्टा कापाल.

पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवू नका. माझा माजघरात वाशाला टांगलेला असतो, भिंतीपासून वीतभर लांब.