आठ दिवसांवर गणपती आणि दिवाणाखाली बसलेली कुत्री

ताई, तुमची अडचण मला कळली ती अशी. पाच दिवसांपूर्वी रेस्क्यूमधून, म्हणजे बेघर कुत्री सांभाळणाऱ्या संस्थेतून, तीन वर्षांची देशी कुत्री घरी आणली. ती दिवाणाखालून बाहेर येत नाही, सगळे झोपले की रात्री खाते, आणि काल आजी वाकून बघायला गेल्या तर गुरगुरली. आठ दिवसांवर गणपती आलेत, पाहुण्यांची ये-जा राहणार, म्हणून घरचे म्हणतात आत्ता परत देऊ, नंतर बघू.

माझं मत आधीच सांगते, परत देऊ नका. इथे इंदूरमध्ये गेली तेरा वर्षं मी अशी मोठी झालेली कुत्री सांभाळते आहे, काही कायमची, काही दुसरं घर मिळेपर्यंत. पाचव्या दिवशी दिवाणाखाली असणं अगदी नेहमीचं आहे, आणि तुमची तर रात्री उठून खाते, पाणी पिते, ही चांगली खूण आहे. रेस्क्यूवाले एक ढोबळ हिशेब सांगतात: पहिले तीन दिवस भांबावण्याचे, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला. घाबरट जनावराला याहून जास्त लागतात. आत्ता परत गेली तर गणपतीनंतर हे सगळं पहिल्यापासून.

गुरगुरण्याबद्दल तिला कोणी रागावलं असेल तर ते आजपासून बंद. जवळ येऊ नका, एवढंच ती सांगत होती. ते सांगणं दाबलं की कुत्रं पुढच्या वेळी न गुरगुरता चावतं. तिच्या जागेवरून बघा ना, वरून वाकलेलं अनोळखी तोंड, पुढे आलेला हात आणि मागे भिंत. पळणार कुठे? आजींना म्हणावं, दिवाणापासून चार-पाच हात लांब पाट टाकून तिच्याकडे कूस करून बसा, जपमाळ ओढा, मधूनच पनीरचा बारीक तुकडा तिच्या दिशेने सरकवा आणि बघूच नका. माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी अशा बसायच्या. अकराव्या दिवशी कुत्री आपण होऊन आली आणि त्यांच्या पदरावर डोकं ठेवून झोपली. कामी आली असेल तर ती त्यांची शांत बसण्याची सवय.

आता गणपती. घरातली मागची एक खोली तिला द्या, जिथून पाहुणे जाणार नाहीत. अंधारा कोपरा, जुनी गोधडी, पाणी, पंखा चालू. खोली बदलायची ती आजच बदला, स्थापनेच्या सकाळी नको. दाराला कडी आणि वर चिठ्ठी, "उघडू नका". लहान मुलांना दाखवायला म्हणून कोणीही आत जायचं नाही, कितीही जवळचं असो. झांजांची सवय आजपासून लावा: आरतीचं रेकॉर्डिंग मोबाईलवर अगदी बारीक आवाजात लावायचं आणि त्याच वेळी जेवण द्यायचं. ती खायची थांबली तर आवाज जास्त झाला असं समजून कमी करायचा. आठ दिवसांत भीती पूर्ण जाणार नाही, पण आवाज आणि खाणं यांची गाठ पडायला लागते. अनंत चतुर्दशीला झांक्यांच्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीच्या, रात्री ढोल-ताशे पहाटेपर्यंत चालतात, तेव्हा घरातलं एक माणूस तिच्यासोबत मागच्या खोलीत झोपू दे.

मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती दाराची. २०१८ च्या पावसाळ्यात मोती नावाचा कुत्रा माझ्याकडे आल्यावर तिसऱ्याच दिवशी हे घडलं. सकाळी कचरा गाडी गाणं वाजवत आली, मी डबा घेऊन दार उघडलं आणि मोती माझ्या पायांमधून सटकला. गाडीच्या भोंग्याने आणखी बिथरला आणि दिसेनासा झाला. एकतीस तासांनी दीड किलोमीटरवरच्या एका पुलाखाली सापडला, चिखलात बसलेला, हाक मारली तरी ओळख न देणारा. ते तास आठवले की अजून पोटात खड्डा पडतो. नवीन कुत्र्याला घर कुठे आहे हेच ठाऊक नसतं, म्हणून सुटलं तर ते परत येत नाही, पळत राहतं. गणपतीत आपलं पुढचं दार दिवसभर उघडं असतं, विसरू नका. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला आजच घाला. बाहेर नेताना हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा दोन्हींना दोर हवा. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून नुसत्या पट्ट्यातून डोकं काढून घेतं. फिरवणं पहाटे, गल्ली जागी व्हायच्या आत.

खाण्याचं थोडक्यात. उकडीच्या काय, तळणीच्या काय, सारणात बेदाणे असतील तर तो मोदक तिच्या तोंडी जाता कामा नये. द्राक्ष-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ले की बाधतात याचा नेम नसतो. चॉकलेटचे मोदक तसेच. आपली लसणाची शेवही नको. "प्रसाद आहे, एवढासा" म्हणणाऱ्या मावशी-काकूंना आधीच सांगून ठेवा.

तिच्या कानाचा तुकडा कापलेला आहे, कोणी मारलं असेल का, असंही तुम्ही विचारलंय. ती नसबंदी झाल्याची खूण आहे, भूल दिलेली असतानाच करतात. रेस्क्यूने दिलेल्या कार्डावर नसबंदीची आणि रेबीजच्या लशीची तारीख मिळेल, ती बघून पुढची तारीख कॅलेंडरवर लिहा.

एक तपासणी मात्र सणाच्या आधी उरका. पावसाळ्यात गोचीड फार, आणि गोचिडीच्या तापात कुत्रं असंच कोपऱ्यात पडून राहतं. हिरड्या गुलाबी आहेत की पांढुरक्या ते लांबूनच, ती जांभई देईल तेव्हा बघा. पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं किंवा रात्रीचं खाणंही सुटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. काहीच दिसलं नाही तरी या आठवड्यात एकदा रक्त तपासून घ्या, गोचिडीच्या तापात कमी होणाऱ्या प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) त्यात कळतात. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासूनचं आहे, गुंतागुंतीच्या आजाराला मी तिथेच जाते, पण वीस-पंचवीस किलोमीटरचा गाडीचा प्रवास या कुत्रीला आत्ता नको. जवळच्या डॉक्टरांना घरी येऊन रक्त घेता येईल का विचारा. गोचिडीच्या तापाच्या गोळ्या दिल्या तर बऱ्याचदा त्या २८ दिवसांच्या असतात. चार दिवसांत उड्या मारायला लागली तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस पूर्ण करा, आणि उपाशीपोटी देऊ नका.

आणि खरोखरच घरात वेगळी खोली नसेल, दहा दिवस पंचवीस माणसं त्याच हॉलमध्ये राहणार असतील, तर रेस्क्यूवाल्यांना आजच फोन करून तेवढे दिवस ती पूर्वीच्या फॉस्टरकडे (तात्पुरतं सांभाळणाऱ्याकडे) राहू शकेल का, असं स्पष्ट विचारा. त्यात कमीपणा नाही. तिची गोधडी न धुता सोबत द्या, म्हणजे परत येताना तुमच्या घराचा वास तिच्या ओळखीचा असेल.

रक्ताचा रिपोर्ट आला की प्लेटलेट्सचा आकडा इथे लिहा, मी बघते. आणि खोली कोणती ठरली तेही कळवा.