फूटपाथ रुंद केले की रस्ते पादचाऱ्यांसाठी सुरक्षित होतात का?

नुसत्या फूटपाथने नाही होत. फूटपाथ पाहिजेच, सलग पाहिजे, त्यावर गाड्या आणि खांब नकोत हे सगळं मान्य, पण खरा धोका फूटपाथवरून खाली पाय ठेवला की सुरू होतो. प्लॅनिंगमधे अजून काय करायचं असं तुम्ही विचारलंय, तर माझ्या मते आधी गाड्यांचा स्पीड, मग क्रॉसिंग, आणि मग बाकी सगळं.

स्पीडचं गणित बघा. ताशी ३० किमीने येणाऱ्या गाडीसमोर अचानक कोणी आलं तर ड्रायव्हरला कळून, ब्रेक लागून गाडी साधारण १३ मीटरमधे पूर्ण थांबते. तीच गाडी ५० ने असेल तर तेवढ्या १३ मीटरमधे त्याचा पाय जेमतेम ब्रेकवर पोचलेला असतो, म्हणजे धडक जवळपास पूर्ण ५० ने बसते. त्यात धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, ३० चे ५० झाले की जवळजवळ पावणेतीन पट!

मग लोक म्हणतात ३० ची पाटी लावा. पाटी कोण वाचतं हो, रस्ता रुंद, सरळसोट आणि मोकळा दिसला की चांगल्या माणसाचाही पाय अॅक्सिलरेटरवर दाबला जातो. म्हणून रस्त्याचा आकारच बदलावा लागतो. साडेतीन मीटरच्या लेन ३ मीटरच्या केल्या, कोपऱ्याची गोलाई कमी केली म्हणजे वळताना गाडीला स्लो व्हावंच लागतं, आणि झेब्रा क्रॉसिंग फूटपाथच्या उंचीला उचलून घेतलं की तोच स्पीड ब्रेकर होतो, शिवाय व्हीलचेअर किंवा बाबागाडीला चढउतार नाही.

लेन बारीक केल्याचा अजून एक फायदा म्हणजे ओलांडायचं अंतर कमी होतं. साडेतीन मीटरच्या चार लेनचे १४ मीटर होतात, सिग्नलचा टाइम बऱ्याचदा सेकंदाला १.२ मीटर चाल धरून ठरवतात, म्हणजे १२ सेकंद. पण सेकंदाला ०.८ मीटरने चालणाऱ्या आजींना साडेसतरा लागतात, त्या रस्त्याच्या मधोमध असतानाच गाड्या सुटतात. लेन कमी करा, मधे थांबायला जागा द्या, पादचाऱ्यांचा हिरवा दिवा वळणाऱ्या गाड्यांच्या आधी ३ ते ७ सेकंद लावा. हे शेवटचं तर फक्त सिग्नलच्या सेटिंगमधे होतं, तरी का करत नाहीत देव जाणे.

आणि क्रॉसिंगला लागून पार्किंग अजिबात नको, उभ्या गाडीआडून येणारं लहान मूल ड्रायव्हरला दिसतच नाही. अमेरिकेतल्या होबोकेनने चौकाच्या कोपऱ्यांवरचं पार्किंग काढणं, स्पीड कमी करणं वगैरे जोडीने केलं आणि २०१७ पासून सलग काही वर्षं तिथे ट्रॅफिकमधे एकही मृत्यू झाला नाही. छोटं शहर आहे, सोपं असेल असं म्हणाल, तर नॉर्वेची राजधानी ऑस्लो बघा, तिथे मध्यभागातलं बरंच पार्किंग काढलं, स्पीड खाली आणला, २०१९ मधे तिथे एकही पादचारी किंवा सायकलवाला दगावला नाही.

पादचारी पुलाबद्दल माझं मत जरा कडू आहे. तो पूल गाड्यांना थांबावं लागू नये म्हणून असतो, चालणाऱ्याने दोन जिने चढायचे उतरायचे, आणि नाही चढला तर वर त्यालाच बेशिस्त म्हणायचं. हायवेवर ठीक आहे, शहरातल्या रस्त्यावर जमिनीवरचं क्रॉसिंगच द्या.

ते कुठे द्यायचं हे नकाशावर सारखं अंतर मोजून ठरवू नका. बस स्टॉप, शाळेचं गेट, दवाखाना असं जिथून लोक आत्ता जीव मुठीत धरून पळतायत तिथेच द्या, आणि पक्कं बांधकाम करायच्या आधी नुसता रंग मारून आणि ट्रॅफिकचे प्लॅस्टिकचे कोन लावून थोडे दिवस ट्राय करून बघा, गाड्या कुठे अडतात आणि लोक कुठून जातात ते लगेच दिसतं.